गाडी उभ्या जागी थरथरते, चढाला दम टाकते? पार्ट बदलण्याआधी एवढं तपासा

गाडी चालू ठेवून उभी केली की स्टेअरिंग थरथरतं. सायलेन्सरमधून एकसारखा आवाज येण्याऐवजी मध्येच 'भक्-भक्' असा अडखळता आवाज येतो. जो चढ तिसऱ्या गिअरवर सहज निघायचा, तिथे आता दुसरा टाकला तरी गाडी उचलत नाही. आपल्याकडे याला सरळ शब्दांत 'गाडी मिसिंग करते' किंवा 'गाडीला पिकअप राहिला नाही' असं म्हणतात.

तालुक्याच्या रस्त्यांवर आजही जुन्या मारुती ८००, ऑम्नी, अल्टो, वॅगनआर, सॅन्ट्रो भरपूर आहेत. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे सगळ्यात शेवटी निघालेली ८०० सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. या गाड्या दुरुस्त करायला सोप्या आहेत, पार्टही मिळतात. तरी अनेकांचा खर्च भलत्याच ठिकाणी होतो. आधी प्लग बदलले, फरक नाही. मग कॉइल बदलली, फरक नाही. मग इंजेक्टर साफ केले, पंप टाकला. शेवटी दोष निघतो तो बोटभर रबरी नळीला गेलेल्या चिरेत. तोवर खिशातले हजारो रुपये गेलेले असतात आणि पंधरा दिवस गाडी गॅरेजला उभी असते.

म्हणून नियम एकच लक्षात ठेवा. आधी दोष शोधायचा, मग पार्ट बदलायचा. आणि शोधताना फुकटच्या तपासण्या आधी, खर्चाच्या नंतर. हे सगळं तुम्हीच करायला पाहिजे असं नाही. पण काय तपासायचं हे माहीत असलं तर मिस्त्रीला नीट सांगता येतं आणि उगाच पार्ट बदलले जात नाहीत.

इंजिनला लागतं काय?

पेट्रोल इंजिनाला चार गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब. हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळून सिलिंडरमध्ये येतात, पिस्टन ते दाबतो, प्लग ठिणगी देतो आणि भडका उडून पिस्टन खाली ढकलला जातो. या चारपैकी एक गोष्ट जरी कमी पडली तरी त्या सिलिंडरचा भडका नीट होत नाही.

८०० आणि अल्टोच्या ७९६ सीसी इंजिनाला तीनच सिलिंडर असतात. त्यातला एक बंद पडला म्हणजे एक तृतीयांश ताकद गेली. बैलगाडीचा एक बैल बसला तर दुसऱ्याला गाडी आणि तो बैल दोन्ही ओढावे लागतात, तसंच इथे होतं. चालू असलेल्या दोन सिलिंडरांना बंद सिलिंडरचा पिस्टनही फिरवावा लागतो. म्हणूनच तीन सिलिंडरची गाडी मिसिंग करायला लागली की चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा जास्त हादरते.

पहिला प्रश्न: हे नेमकं कधी होतं?

बोनेट उघडण्याआधी दोन दिवस गाडीकडे नीट लक्ष द्या. त्रास कधी होतो यावरूनच निम्मं निदान होतं.

१. उभ्या गाडीला थरथर, पण वेग घेतला की ठीक. इथे बहुतेक वेळा जास्तीची हवा कुठून तरी आत शिरत असते किंवा थ्रॉटल बॉडीत काजळी साचलेली असते. गाडी उभी असताना इंजिन फार थोडी हवा घेतं, त्यामुळे फटीतून शिरलेली थोडी हवाही सगळं प्रमाण बिघडवते. वेगात इंजिन भरपूर हवा ओढतं, तेव्हा तेवढीच गळती जाणवत नाही.

२. उभी असताना ठीक, पण चढाला किंवा चार माणसं बसली की दम टाकते. इथे संशय पेट्रोल कमी पोचण्यावर घ्यायचा. पेट्रोल फिल्टर तुंबलेला, पंप कमजोर, एअर फिल्टर धुळीने गच्च किंवा सायलेन्सरची वाट आतून बंद झालेली. प्लग आणि कॉइल कमजोर असतील तरीही पहिला झटका चढालाच बसतो, कारण जास्त दाबात ठिणगी पडायला जास्त जोर लागतो.

३. दोन्ही वेळेला त्रास. एखादा सिलिंडर पूर्ण बंद आहे. प्लग, कॉइल, वायर, इंजेक्टर किंवा दाब यापैकी काहीतरी.

४. पावसात, धुक्यात किंवा गाडी धुतल्यावर त्रास. हायटेन्शन वायर किंवा कॉइलला चीर गेलेली आहे किंवा प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं आहे. प्रेशरच्या पाइपाने बोनेटखाली पाणी मारल्यावर हे हमखास होतं.

५. बरेच दिवस गाडी उभी होती, मग त्रास सुरू झाला. शिळं पेट्रोल, टाकीतलं पाणी किंवा उंदीर. गोठ्याशेजारी, धान्याच्या खोलीजवळ लावलेल्या गाडीत उंदीर वायरी आणि नळ्या कुरतडतात. आधी टॉर्च घेऊन बघा, मग दुसरं.

इंजिनावर खापर फोडण्याआधी

ताकद गेली म्हणजे दोष इंजिनाचाच असं नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच घसरतोय. दोन-चार किलोमीटर चालवून थांबल्यावर एखाद्या चाकाजवळ बाकीच्यांपेक्षा जास्त ताप जाणवत असेल तर त्या चाकाचा ब्रेक चिकटलाय. आणि सायलेन्सरचा आवाज एकसारखा आहे, पिकअपही ठीक आहे, फक्त बॉडी थरथरते, तर इंजिनाचं फाउंडेशन म्हणजे रबरी माउंटिंग बसलं असू शकतं. या तिन्हीत प्लग बदलून काहीही होणार नाही.

एक साधी परीक्षा. गाडी मोकळ्या जागेत चालू ठेवा आणि सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कागदाचा तुकडा धरा. कागद एकसारखा फडफडत राहिला तर बरं. मध्येच फडफड तुटत असेल, कागद आत ओढला जात असेल, तर एखादा सिलिंडर चुकतोय. सायलेन्सरला हात लावू नका, भाजतं. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही.

कोणता सिलिंडर बंद आहे?

एकसारखं मिसिंग असेल तर सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे आजारी सिलिंडर शोधणं. इंजेक्टर असलेल्या म्हणजे एमपीएफआय गाडीत मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचं सॉकेट क्षणभर काढतो. चांगल्या सिलिंडरचं सॉकेट काढलं की इंजिन लगेच पडतं, आवाज बदलतो. ज्याचं काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच बंद आहे. पाच मिनिटांचं काम आहे, तुमच्यासमोर करायला सांगा.

चालू इंजिनात प्लगची वायर हाताने उपटायची जुनी सवय मात्र सोडा. तिथे हजारो व्होल्टचा झटका बसतो. शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटकॉनमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग आतून वितळतो.

आजारी सिलिंडर सापडला की अदलाबदल करायची. समजा दोन नंबरचा सिलिंडर बंद आहे. त्याचा प्लग एक नंबरला लावा, एकचा दोनला. आता एक नंबर बंद पडला, तर दोष प्लगमध्ये. दोष दोन नंबरलाच राहिला, तर हीच अदलाबदल वायरची किंवा कॉइलची करा, मग इंजेक्टरची. दोष ज्या पार्टबरोबर हलतो, तो पार्ट खराब. या पद्धतीत नवा पार्ट विकत घ्यावाच लागत नाही, आणि एकच पार्ट बदलून काम भागतं. मात्र एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन एकदम हलवल्या की काहीच कळत नाही.

प्लग काढलाच आहे, तर नीट बघा

प्लगच्या टोकाचा रंग आतली हकीकत सांगतो.

फिकट तपकिरी, कोरडा: सगळं ठीक.
काळा, कोरडी काजळी: पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, चोक, सेन्सर बघा.
पेट्रोलने ओला: ठिणगी पडत नाही. प्लग, वायर, कॉइल बघा.
ऑइलने ओला, चिकट: इंजिन ऑइल खातंय. रिंग किंवा वाल्व सील.
पांढराफटक, टोक जळालेलं: पेट्रोल कमी किंवा हवा जास्त.

तिन्ही प्लग एकाच रंगाचे असतील तर दोष सगळ्यांना सामाईक आहे, म्हणजे फिल्टर, पंप, हवेची गळती किंवा सेन्सर. एकच प्लग वेगळा असेल तर दोष त्या एका सिलिंडरपुरता. प्लग थंड इंजिनावरच खोला आणि बसवताना आधी हाताने आटे धरा. सुरुवातच पान्याने केली आणि आटे चढले, तर हेडचं काम निघतं.

हायटेन्शन वायरला चीर आहे का हे रात्री चांगलं कळतं. अंधारात बोनेट उघडून गाडी चालू करा आणि लांबून बघा. वायरीजवळ निळ्या ठिणग्या चमकताना दिसल्या तर करंट प्लगपर्यंत न जाता वाटेतच गळतोय. हात लावायचा नाही. उपरणं, ओढणी, सैल बाही पट्ट्यापासून लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो हेही विसरू नका.

हवेची गळती: स्वस्त दोष, महाग शोध

उन्हाने आणि इंजिनाच्या तापाने दहा-पंधरा वर्षांत रबरी नळ्या कडक होऊन फुटतात. इंजिन चालू असताना मॅनिफोल्डजवळ 'स्स्स' असा आवाज येतो का ते ऐका. नळ्या हाताने हलवून, वाकवून बघा (इंजिन बंद असताना). चिरा बहुतेक वेळा टोकाला, क्लिपजवळ असतात.

यातली एक जाड नळी ब्रेकच्या बूस्टरकडे जाते. गाडी थरथरते आणि त्याच वेळी ब्रेकचं पेडलही कडक झालंय, तर ही नळी किंवा बूस्टर गळतोय. हे फक्त पिकअपचं प्रकरण राहिलं नाही, ब्रेक लागायला जास्त जोर लागतोय. घाटात उतरायच्या आधी दुरुस्ती करून घ्या.

थ्रॉटल बॉडीत साचलेली काजळी आणि आयडल वाल्व साफ करणं हेही कमी खर्चाचं काम. उभ्या जागी गाडी बंद पडत असेल, एसी लावला की पडत असेल, तर इंजेक्टरच्या आधी हे करून घ्या.

एअर फिल्टर तर तुम्ही स्वतः काढून बघू शकता. मळणीच्या दिवसांत, कच्च्या रस्त्यावर, ऊस वाहतुकीच्या धुळीत फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. फिल्टर काढून गाडी चालवून 'पिकअप आला' म्हणून तशीच ठेवू नका. ती धूळ पिस्टन आणि रिंग घासते आणि थोडक्या पैशांचं काम पूर्ण इंजिनावर जातं.

पेट्रोलचा मामला

चावी ऑन केल्यावर, स्टार्टर मारण्याआधी, मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून दोन-तीन सेकंद 'ऊं' असा बारीक आवाज येतो. तो पंपाचा. अजिबात आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि रिले बघा. आवाज येतो पण चढाला दम टाकते, तर पेट्रोलचा दाब गेज लावून मोजायला सांगा. गेज न लावता पंप बदलायचा म्हणजे अंदाजपंचे.

कायम रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय पंपाला मारते. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. पेट्रोल तळाला गेलं की तो तापतो, आणि तळाचा गाळही ओढतो.

आता इथेनॉलबद्दल. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्याच उसापासून आणि धान्यापासून बनतं, त्यामुळे त्याला उगाच नावं ठेवायचं कारण नाही. पण जुन्या गाड्या बनल्या तेव्हा एवढ्या प्रमाणाचा विचार नव्हता. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं कमी येतं. दुसरं, इथेनॉल पाणी शोषून घेतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली आणि टाकीत पाणी शिरलं, तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात आणि पंप तेच आधी ओढतो. तिसरं, जुन्या रबरी नळ्या आणि सील लवकर खराब होऊ शकतात. कार्बोरेटरच्या गाडीत तर पेट्रोलचं प्रमाण आपोआप जुळवणारा कॉम्प्युटरच नसतो, तिथे ट्यूनिंग हातानेच करून घ्यावं लागतं. उपाय साधा आहे: उभ्या गाडीत पेट्रोल सडू देऊ नका, इंधनाच्या नळ्या वर्षातून एकदा तपासा आणि पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज गाठा. आग लागायला एक ठिणगी पुरते.

सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर परीक्षा आणखी सोपी. दोन्ही इंधनांवर चालवून बघा. फक्त गॅसवर मिसिंग असेल तर किटचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅस इंजेक्टर. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलची बाजू. दोन्हीवर असेल तर प्लग, कॉइल किंवा दाब. कमजोर प्लग बहुतेक आधी गॅसवर उघडा पडतो. आणि कायम गॅसवरच चालवत असाल तर रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा, नाहीतर पेट्रोलचे इंजेक्टर जाम होतात.

सगळं ठीक, तरी मिसिंग? मग दाब मोजा

प्लग, कॉइल, इंजेक्टर ठीक असूनही एक सिलिंडर मरतुकडा असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करायची. प्लगच्या जागी गेज लावून दाब मोजतात. आकड्याइतकंच महत्त्व सिलिंडरांमधल्या फरकाला आहे. एक बाकीच्यांपेक्षा बराच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंग गेल्या, नाही वाढला तर वाल्व. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केट. सगळेच कमी असतील आणि नुकताच टायमिंग बेल्ट बदलला असेल, तर बेल्टची खूण एखाद्या दात्याने चुकली का ते आधी बघा.

टॅपेट सेटिंग विसरू नका. फट फार कमी झाली की वाल्व पूर्ण बंद होत नाही, दाब गळतो आणि शेवटी वाल्व जळतो. गॅसवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत हे लवकर होतं. वेळेवर सेटिंग केलं तर हेड उतरवायची वेळ येत नाही.

रेडिएटरचं पाणी सारखं कमी होतंय, गरम झाल्यावरही पांढरा धूर येतोय, ऑइल ताकासारखं झालंय, यातलं एक जरी दिसलं तरी गाडी चालवू नका. हेड गॅस्केट गेल्याची ही लक्षणं आहेत. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

स्कॅनर म्हणजे देव नव्हे

अलीकडच्या गाड्यांत स्कॅनर लावता येतो. पी०३०१ असा कोड आला तर एक नंबरच्या सिलिंडरला मिसफायर, पी०३०२ म्हणजे दोन नंबरला. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. पण कोड फक्त जागा दाखवतो, पार्टचं नाव सांगत नाही. 'कोड आला, कॉइल टाका' असं कोणी म्हणालं तर अदलाबदल करून खात्री करायला सांगा.

मीटरवरचा चेक इंजिनचा पिवळा दिवा सतत पेटलेला असेल तर सावकाश गॅरेजला न्या. दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर मोठा आहे, कॅटकॉन जळण्याची भीती आहे. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या.

दुरुस्ती पुढे ढकलली तर?

'चालतेय ना, मग राहू दे' हे इथे महागात पडतं. काही शेकड्यांचा प्लग न बदलल्याने हजारोंचा कॅटकॉन जातो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडर धुऊन ऑइलमध्ये उतरतं आणि इंजिन झिजतं. पीयूसी नापास होते. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीसाठी आरटीओत गाडी न्यायची असेल तर तिथेही अडचण. आणि खरी भीती वेगळीच आहे: रात्री पेशंट घेऊन तालुक्याला निघालात, किंवा समोरून ट्रक येत असताना ओव्हरटेक करताय, तेव्हा गाडीने दम टाकला तर गॅरेजचं बिल आठवत बसायला वेळ नसतो.

गॅरेजला गेल्यावर हे सांगा, हे मागा

'गाडीला पिकअप नाही' एवढंच सांगू नका. केव्हा होतं, थंड की गरम, उभी की चढाला, पेट्रोलवर की गॅसवर, शेवटचे प्लग आणि फिल्टर कधी बदलले, हे मोबाइलवर लिहून ठेवा. थरथरीचा आणि आवाजाचा व्हिडिओ काढा, कारण गॅरेजला गेल्यावर गाडी हटकून शहाण्यासारखी वागते.

कोणता सिलिंडर बंद आहे ते विचारा. कोणत्या तपासणीवरून पार्ट खराब ठरवला ते विचारा. बदललेला जुना पार्ट परत मागा. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं.